ज्यांचं नाव घ्यायला मनाई होती



1961 च्या अखेरीस युरी गागारिन भारतात आला होता. दिल्ली, लखनौ करत तो आपल्या मुंबईलाही आला. तुमच्यापैकी जे आज सत्तरीच्या पुढे आहेत आणि तेव्हा मुंबईत होते, त्यांना ती गर्दी आठवत असेल. मी नऊ वर्षांचा होतो. मामाबरोबर भायखळ्याहून चालत निघालो. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना माणसंच माणसं. मामाने मला खांद्यावर घेतलं, म्हणून मोटारीतला तो हसरा, बुटका माणूस मला अर्धा मिनिट तरी दिसला. अंतराळात जाऊन आलेला पहिला माणूस आमच्याकडे बघून हात हलवत होता. मला तर वाटलं, माझ्याकडेच बघून.

घरी आल्यावर मी पप्पांना विचारलं की याला वर पाठवलं कोणी? ज्याने रॉकेट बनवलं तो का नाही आला? पप्पा रेल्वेत होते. ते म्हणाले की त्या माणसाचं नाव कोणत्याच पेपरात येत नाही, नुसतं मुख्य रचनाकार एवढंच छापून येतं. एवढं मोठं काम केलेल्या माणसाला नाव नाही, हे मला पटेना.

गंमत अशी की त्याच दिवसांत पप्पा स्वतःही रात्री-अपरात्री घरी येत होते. आईने विचारलं तर कामाचा ताण आहे एवढंच सांगत. 18 डिसेंबरला लष्कर गोव्यात शिरलं तेव्हा आम्हाला उलगडा झाला. बेळगावकडे फौज न्यायला गाड्या लागत होत्या आणि पप्पांची ड्यूटी त्यावर होती. आई मात्र म्हणाली की तिला आधीच अंदाज आला होता, कारण पप्पा एकाऐवजी दोन डबे मागायला लागले होते.

त्या नाव नसलेल्या माणसाचं नाव मी ऐकलं ते तब्बल तीस वर्षांनी, इथे इस्राएलमध्ये. मी ज्या कारखान्यात लेथवर काम करत होतो (कारखान्याचं नाव लिहीत नाही, रिटायर होऊन इतकी वर्षं झाली तरी सवय जात नाही) तिथे 1991 मध्ये एक रशियन गृहस्थ लागले. नव्याने आलेल्या लोकांपैकीच, गाव कुइबिशेव्ह. त्यांच्या हत्यारांच्या पेटीच्या झाकणाला आतून एका जाडमानेच्या, रुंद कपाळाच्या माणसाचा फोटो चिकटवलेला होता. मला वाटलं वडील असतील. त्यांच्या मोडक्यातोडक्या हिब्रूत आणि माझ्या तशाच हिब्रूत ते नाव मला कळलं. सर्गेई पाव्हलोविच कोरोल्योव्ह. त्यानंतर मी त्यांच्याबद्दल जे मिळेल ते वाचत गेलो. आज ते तुम्हाला सांगतो.

कोरोल्योव्ह यांचा जन्म 12 जानेवारी 1907 चा, युक्रेनमधल्या झितोमीर गावचा. वडील शाळेत रशियन भाषा शिकवत. मुलगा लहान असतानाच आईबापाचं फिसकटलं आणि आई मारिया निकोलायेव्हना त्याला घेऊन नेझिनला आपल्या माहेरी आली. पुढे तिने मुलाला सांगितलं की तुझे वडील वारले. ते जिवंत होते. म्हणजे ज्या माणसाला सगळा जन्म गुपितांत काढायचा होता त्याच्या वाट्याला पहिलं गुपित घरातच आलं.

नेझिनच्या मैदानात एकदा उतोच्किन नावाचा वैमानिक विमान उडवून दाखवायला आला. पोरगा आजोबांच्या खांद्यावर बसून ते बघत होता. हे वाचलं तेव्हा मला मामाचा खांदा आठवला, दुसरं काय! पुढे आईने एका इंजिनियरशी दुसरं लग्न केलं आणि कुटुंब ओडेसाला गेलं. तिथे बंदरात लष्कराची पाण्यावर उतरणारी विमानं असत. मुलगा तिथेच रेंगाळायला लागला आणि त्याला विमानाचं वेड लागलं. त्याने बांधकामाच्या शाळेत सुतारकाम आणि कौलं घालायचं काम शिकून घेतलं, कीव्हला आणि मग मॉस्कोला इंजिनियरिंग केलं. 1929 च्या त्याच्या पदवीच्या कामाला मार्गदर्शक होते विमानांचे मोठे रचनाकार तुपोलेव्ह. ओडेसाच्या शाळेतली क्सेनिया विन्चेंतिनी पुढे सर्जन झाली. तिच्याशी लग्न झालं, आणि 1935 मध्ये मुलगी झाली, नताशा.

रॉकेटची सुरुवात मॉस्कोच्या एका तळघरात झाली. 1931 पासून पाच-पंचवीस हौशी माणसं तिथे संध्याकाळी जमून काम करायची, पगार नाही, सामान नाही. त्यांच्यातला झांदर नावाचा रीगाचा इंजिनियर मंगळावर जायचं म्हणून झपाटलेला होता. 17 ऑगस्ट 1933 ला त्यांचं पहिलं रॉकेट मॉस्कोबाहेरच्या नाखाबिनोच्या रानात उडालं. झांदर ते बघायला उरला नव्हता, टायफसने गेला होता. पण मंगळाच्या स्वप्नाला पैसे कोण देणार? पैसे होते लष्कराकडे. मार्शल तुखाचेव्हस्की यांना रॉकेट हे हत्यार म्हणून हवं होतं. त्यांनी या तळघरातल्या मंडळींना लेनिनग्राडच्या लष्करी प्रयोगशाळेशी जोडून सरकारी संस्था काढली. कोरोल्योव्ह तेव्हा सव्वीस वर्षांचे होते. काम मिळालं, पगार मिळाला, आणि लष्कराशी गाठ पडली ती मरेपर्यंत सुटली नाही.

स्टालिनने जून 1937 मध्ये तुखाचेव्हस्कींना गोळ्या घातल्या. मग ज्याच्यावर त्यांचा हात होता त्या सगळ्यांवर संशय आला. संस्थेचे प्रमुख क्लेय्म्योनोव्ह आणि त्यांचे सहकारी लांगेमाक यांना पकडून जानेवारी 1938 मध्ये मारलं. इंजिनं बनवणारे ग्लुश्को मार्चमध्ये आत गेले. 27 जून 1938 च्या रात्री कोरोल्योव्हांच्या दारावर थाप पडली. नताशा तीन वर्षांची होती.

आरोप असा, की कामात मुद्दाम घातपात केला. पकडलेल्या सहकाऱ्यांना मारहाण करून त्यांच्याकडून एकमेकांची नावं वदवून घेतली होती. कोरोल्योव्हांनाही मारलं. चौकशीत त्यांचा जबडा मोडला असं त्यांची मुलगी सांगत आली. हा जबडा लक्षात ठेवा, पुढे त्याचं काम आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या लष्करी मंडळापुढे खटला काही मिनिटांत संपला. शिक्षा दहा वर्षं.

त्यांना पाठवलं कोलिमाला. नकाशात जपानच्याही वर, रशियाच्या पार पूर्वेच्या टोकाला शोधा. मालद्याक नावाची सोन्याची खाण. थंडी, उपासमार. स्कर्व्हीने हिरड्या सुजल्या, दात पडले. बरोबरचे कैदी मरत होते. कोरोल्योव्हही तिथेच संपले असते, पण मॉस्कोत त्यांची आई गप्प बसणाऱ्यांतली नव्हती. ज्या काळात तुरुंगातल्या माणसाचं नाव काढायला लोक घाबरत, शेजारी ओळख दाखवेनासे होत, त्या काळात ही शाळामास्तरीण स्टालिनला आणि गुप्त पोलिसांच्या प्रमुखाला अर्ज पाठवत होती. ग्रोमोव्ह आणि वालेन्तिना ग्रिझोदुबोवा हे दोघे त्या वेळचे नामवंत वैमानिक. त्यांच्याकडे जाऊन तिने शब्द टाकायला लावला. अखेर निकाल फिरवून केस पुन्हा उघडायचं ठरलं. तो हुकूम खाणीपर्यंत पोचायला कित्येक महिने लागले. कैदी मगदानच्या बंदरावर आला तेव्हा हंगामाचं शेवटचं जहाज निघून गेलं होतं. त्याच इंदिगिर्का जहाजाने ते जायचे होते असं त्यांचे चरित्रकार सांगतात. ते जहाज डिसेंबर 1939 मध्ये जपानच्या किनाऱ्याजवळ खडकावर आदळलं आणि सातशेहून अधिक माणसं बुडाली.

दुसऱ्या सुनावणीत सुटका झाली नाहीच, आठ वर्षं कायम राहिली. पण आता युद्ध जवळ आलं होतं आणि सरकारला विमानं हवी होती. मग सरकारने तोडगा काढला की इंजिनियरांना तुरुंगातच टेबलं मांडून द्यायची. मॉस्कोतल्या अशा एका तुरुंगात तुपोलेव्ह स्वतः कैदी होते. त्यांनी आपल्या जुन्या विद्यार्थ्याला मागून घेतलं. तिथे जेवण बरं होतं, अंथरूण होतं, फिरायला गच्चीवर एक लोखंडी पिंजरा होता. दिवसभर देशाच्या लष्करासाठी बॉम्बफेकी विमानं काढायची आणि रात्री कुलपात झोपायचं.

याच सुमाराची एक गोष्ट आहे. नताशाला घरात सांगितलं होतं की पप्पा वैमानिक आहेत, लांब कामगिरीवर गेलेत. मग 1940 मध्ये आई तिला तुरुंगात भेटीला घेऊन गेली. पाच वर्षांच्या मुलीने तुरुंगाचं ते छोटंसं अंगण बघितलं आणि वडिलांना विचारलं की एवढ्याशा जागेत तुम्ही विमान उतरवलं तरी कसं? वडिलांना काही बोलवेना. जवळ उभ्या पहारेकऱ्यानेच उत्तर दिलं की इथे उतरणं सोपं आहे बाळ, उडून जाणं अवघड. ही गोष्ट नताशाने म्हातारपणी स्वतः सांगितली. मी ती पहिल्यांदा वाचली तेव्हा पुस्तक बाजूला ठेवून चहा करायला उठलो.

1944 मध्ये सुटका झाली. पण निर्दोष म्हणून नाही, शिक्षा माफ म्हणून. पुढच्याच वर्षी या गुन्हेगाराच्या अंगावर लेफ्टनंट कर्नलचा गणवेश चढवून त्याला जर्मनीत पाठवलं, हिटलरचं व्ही-दोन रॉकेट समजून घ्यायला. ऑक्टोबर 1945 मध्ये इंग्रजांनी कुक्सहाफेनला ते रॉकेट उडवून दाखवलं. रशियाने कोरोल्योव्हांना साध्या तोफखान्याच्या कॅप्टनच्या वेषात धाडलं. यादीत नाव नसल्याने इंग्रजांनी त्यांना आत घेतलं नाही. पुढे माणसाला अंतराळात धाडणारे हे गृहस्थ कुंपणाबाहेर उभे राहून, टाचा उंच करून व्ही-दोन बघत होते.

त्यानंतर मॉस्कोजवळ पोदलिप्कीला त्यांची संस्था उभी राहिली. बाहेर पाटीवर काही नाही, पत्रव्यवहारात नुसता नंबर. इथेच त्यांची भेट नीना कोतेन्कोवा यांच्याशी झाली. त्या इंग्रजी मासिकांचं भाषांतर करायच्या. क्सेनियाशी संसार असाही तुटतच आला होता. सहा वर्षं तुरुंगाने खाल्ली, उरलेली कामाने. घटस्फोट झाला, 1949 मध्ये नीनाशी लग्न झालं. नताशा तेव्हा चौदा वर्षांची. तिने वडिलांना माफ केलं नाही. कित्येक वर्षं ती धड भेटायलाही येत नसे. मी इथे कोरोल्योव्हांची बाजू घेणार नाही. ज्या बाईने कैद्याची बायको म्हणून सगळी भीती सोसली, तिला सोडून ते गेले. लोखंड वितळवणारी माणसं घरात फार वेळा अशीच असतात.

आता रॉकेटविषयी. लष्कराला असं रॉकेट हवं होतं की जे आपल्या जागेवरून अमेरिकेत बॉम्ब टाकेल. साखारोव्ह आणि मंडळी जो हायड्रोजन बॉम्ब बनवत होती तो फार जड, पाच टनांच्या घरात जाणार असा हिशोब होता. म्हणून रॉकेटही तसंच अगडबंब करावं लागलं. तेच आर-सात. पुढे बॉम्ब हलका करता आला, पण रॉकेट मोठंच राहिलं. एवढं मोठं, की बॉम्बच्या जागी माणसाची खोली बसवली तरी ते उचलेल. कोरोल्योव्हांना हे पहिल्यापासून दिसत होतं. सेनापतींना नव्हतं. तसं बघितलं तर हत्यार म्हणून आर-सात कुचकामीच ठरलं. त्यात द्रवरूप ऑक्सिजन भरावा लागे, तो उडून जाई, तयारीला कित्येक तास लागत, आणि त्याचा उड्डाणाचा कट्टा वरून सहज दिसे. लष्कराने लवकरच दुसऱ्यांची रॉकेटं पसंत केली. पण त्याच आर-सातचे वंशज आजही अंतराळवीरांना वर नेतात.

उड्डाणाची जागा कझाकस्तानच्या ओसाड माळावर, त्युरातामला होती. उन्हाळ्यात चाळिशीच्या वर ऊन, हिवाळ्यात हाडं गोठवणारी थंडी. जगाला नाव सांगितलं बायकोनूर. ते खरं तर शेकडो किलोमीटर लांबचं दुसरंच गाव. शत्रूने चुकीच्या ठिकाणी शोधावं म्हणून. तिथल्या माणसांना पत्र घालायचं तर पत्ता असायचा ताश्कंद 90, आणि ताश्कंदही तिथून शेकडो किलोमीटर दूर. कोरोल्योव्ह तिथून नीनाला सारखी पत्रं लिहीत. ती आता छापली गेली आहेत. थकव्याबद्दल, तिच्या आठवणीबद्दल भरभरून लिहितात. काम काय चाललंय ते मात्र त्यात नाही.

1957 च्या ऑगस्टमध्ये आर-सात पहिल्यांदा नीट उडालं. कोरोल्योव्हांनी ख्रुश्चेव्हकडून आधीच कबूल करून घेतलं होतं, की क्षेपणास्त्राच्या कामाला खीळ बसणार नसेल तर त्याच रॉकेटवर एक उपग्रह ठेवून बघायचा. शास्त्रज्ञांचा मोठा उपग्रह वेळेत तयार होईना, म्हणून त्यांनी एक साधा गोळा केला. 58 सेंटिमीटरचा, 83.6 किलोचा, आत रेडिओ. 4 ऑक्टोबरला तो वर गेला. दुसऱ्या दिवशी सरकारी पेपराने एका कोपऱ्यात बातमी दिली. राज्यकर्त्यांनाच कळलं नव्हतं की आपण काय केलंय! अमेरिका हादरल्याचं कळलं तेव्हा तिसऱ्या दिवशी पहिलं पान भरून बातमी. मग ख्रुश्चेव्हना चटक लागली. क्रांतीचा चाळिसावा वाढदिवस 7 नोव्हेंबरला होता, त्याच्या आधी आणखी काहीतरी द्या. महिन्याच्या आत लायका कुत्री वर गेली. तिला परत आणायची सोयच नव्हती. त्या बिचारीबद्दल आमच्या घरी आजी फार हळहळली होती म्हणे.

परदेशी परिषदांना स्पुतनिकवाले म्हणून सेदोव्ह नावाचे प्राध्यापक जात. फुलं, टाळ्या त्यांना. पाश्चात्य पेपर त्यांनाच स्पुतनिकचे जनक म्हणत, आणि त्यांचा त्या कामाशी फारसा संबंध नव्हता. कोरोल्योव्ह लेख लिहीत, पण खाली सही प्राध्यापक क. सर्गेयेव्ह. समाजवादी श्रमवीर हे मोठं पदक त्यांना दोनदा मिळालं, ते चारचौघांत लावायची सोय नाही. आणि न्यायालयाने त्यांना पूर्ण निर्दोष ठरवलं ते 1957 च्या वसंतात, म्हणजे स्पुतनिकच्या जेमतेम सहा महिने आधी. तोवर कागदोपत्री ते गुन्हेगारच होते.

माणसाच्या यानासाठी लष्कर तयार नव्हतं. त्यांना अमेरिकेचे फोटो काढणारा हेरगिरीचा उपग्रह हवा होता. कोरोल्योव्हांनी दोन्ही एकाच साच्यात बसवलं. तोच गोळा, आत कॅमेरा ठेवला तर हेर, खुर्ची ठेवली तर व्होस्तोक. गागारिन ज्या गोळ्यात बसून गेला त्याचं जुळं भावंड हेरगिरी करत होतं, हे आम्हाला भायखळ्याला कुठून कळणार!

हे गुपित नुसतं नावांचं नव्हतं. 24 ऑक्टोबर 1960 ला त्युरातामलाच दुसऱ्या एका रचनाकाराचं, यांगेल यांचं लष्करी रॉकेट कट्ट्यावरच पेटलं. घाई चालली होती, भरलेल्या रॉकेटभोवती माणसं काम करत होती. मार्शल नेदेलिन यांच्यासह सत्तरहून अधिक माणसं जळून गेली. जाहीर केलं, की मार्शल विमान अपघातात वारले. बाकीच्यांचं काहीच नाही. त्यांच्या विधवांना तीस वर्षं उघड रडायचीही चोरी.

आणि सहा महिन्यांच्या आत, 12 एप्रिल 1961 ला, गागारिन. 108 मिनिटं. दोन दिवसांनी मॉस्कोत लाल चौकात मिरवणूक निघाली. गागारिन पुढे उघड्या मोटारीत, लोक छपरांवर चढलेले. कोरोल्योव्ह मागच्या कुठल्यातरी गाडीत. छातीवर पदक नाही, रस्त्यावरच्या एकालाही माहीत नाही की हे कोण.

इथे आपल्या लोकांची एक गोष्ट मध्येच सांगून टाकतो. कोरोल्योव्हांच्या उजव्या हातांपैकी एक बोरिस चेर्तोक, ज्यू घराण्यातले, वूजचा जन्म. जर्मनीपासून ते बरोबर होते आणि वयाची नव्व्याण्णव वर्षं गाठून 2011 मध्ये वारले. त्यांनी चार जाड खंडांत सगळं लिहून ठेवलं, म्हणून आज आपल्याला एवढं कळतं. दुसरा अंतराळवीर बोरिस व्होलिनोव्ह. त्याची आई ज्यू. 1960 च्या पहिल्या तुकडीतला असूनही त्याचं उड्डाण 1969 पर्यंत पुढे ढकललं गेलं, आणि त्याला आईचं ज्यू असणं हे एक कारण होतं असं सांगतात.

पुढची वर्षं ओढाताणीची गेली. अमेरिका चंद्राकडे निघाली होती, इकडे पैसे अपुरे. चंद्राच्या रॉकेटमध्ये कोणतं इंधन वापरायचं यावरून ग्लुश्को यांच्याशी उभा दावा मांडला गेला. दोघेही एकेकाळी आत गेलेले, दोघांच्या फायलींत एकमेकांची नावं. त्या भांडणात फक्त इंधन नव्हतं हे कोणीही ओळखेल. ख्रुश्चेव्हना दर वेळी नवा विक्रम हवा असे. ऑक्टोबर 1964 मध्ये एकाच्या जागेत तिघांना कोंबून पाठवलं, जागा होईना म्हणून अंतराळ-पोशाख न घालता. कोरोल्योव्हांनी त्याला होकार दिला. ते तिघं सुखरूप परत आले, पण त्यांचं स्वागत करायला ख्रुश्चेव्ह खुर्चीवर राहिले नव्हते.

शरीर थकलं होतं. हृदय कुरकुरत होतं, ऐकू कमी येत होतं. जानेवारी 1966 मध्ये आतड्यावरच्या एका शस्त्रक्रियेसाठी त्यांना दाखल व्हायचं होतं. कोटाच्या खिशात ते नेहमी दोन कोपेकची नाणी शकुनाची म्हणून बाळगत. निघताना ती सापडेनात, खिसे उलटे करून झाले तरी नाहीत, असं सांगतात.

लिओनोव्ह, म्हणजे यानाबाहेर पडून पहिल्यांदा अंतराळात तरंगलेला अंतराळवीर, त्याने पुढे लिहिलं की शेवटच्या त्या दिवसांत घरी पाहुणे आले होते, ते निघताना कोरोल्योव्हांनी त्याला आणि गागारिनला थांबवून घेतलं. मग पहाटेपर्यंत त्यांना सगळं सांगितलं. अटक, मार, कोलिमा, खाण, ते जहाज. गागारिनला ते ऐकेपर्यंत ठाऊकच नव्हतं, की ज्यांना आपण बापासारखं मानतो त्यांनी हे सोसलंय.

14 जानेवारीला, एकोणसाठ पुरे होऊन दोन दिवस झाले होते, आरोग्यमंत्री पेत्रोव्हस्की यांनी स्वतः शस्त्रक्रिया केली. लहानसं काम समजून उघडलं तर आत मोठी गाठ निघाली. भूल लांबली. श्वासाची नळी घालायला घशात वाट मिळेना, कारण 1938 चा तो जबडा नीट उघडत नव्हता, असं सांगितलं जातं. हृदय थांबलं ते थांबलंच.

16 जानेवारीच्या पेपरात फोटोसह बातमी आली. जगाला नाव कळलं ते असं. क्रेमलिनच्या भिंतीत अस्थी ठेवल्या, गागारिन भाषणाला उभा राहिला. मी तेव्हा चौदाचा होतो, पेपर वाचत होतो, पण मला काहीच आठवत नाही. आठवावं तरी कसं? 11 जानेवारीला ताश्कंदला शास्त्रीजी गेले होते, आपल्या पेपरांत दुसऱ्या कशाला जागाच नव्हती.

आणि नाव सांगितलं तरी सगळं सांगितलं नाहीच. कोलिमा तसंच झाकलेलं राहिलं. देशाचा थोर शास्त्रज्ञ म्हणून पुतळे झाले, 1975 मध्ये ओस्तान्किनोतल्या त्यांच्या घराचं म्युझियम झालं, पण 1938 ते 1944 तो कुठे होता याचं उत्तर गोर्बाचोव्हच्या काळापर्यंत मोकळेपणी छापता येत नव्हतं. आई मारिया निकोलायेव्हना 1980 पर्यंत जगल्या. ज्यांच्या अर्जांमुळे तो वाचला, त्यांना आपण ते अर्ज केले हे छापून आलेलं बघायला मिळालं नाही. नताशा आईसारखीच सर्जन झाली. वडिलांशी हळूहळू बोलणं सुरू झालं होतं, पण गेलेली वर्षं गेलीच. ते गेल्यावर तिने वडिलांचे कागद, फायली, कोलिमाची जागा, सगळं शोधत आयुष्य घालवलं आणि त्यांच्यावर मोठं पुस्तक लिहिलं.

आपल्या इस्राएलने पहिला उपग्रह सोडला तो 19 सप्टेंबर 1988 ला, ओफेक. बाकी जग पृथ्वीच्या फिरण्याचा फायदा घेऊन पूर्वेकडे सोडतं, आपण समुद्रावरून पश्चिमेकडे सोडला, कारण पूर्वेला शेजारी कोण आहेत ते तुम्हाला सांगायला नको. संध्याकाळी टीव्हीवर दाखवलं तेव्हा बायको माझ्याकडे बघत होती आणि मी ताटातल्या भाताकडे. माझा त्याच्याशी काही संबंध होता की नव्हता ते मी इथेही लिहिणार नाही. कारखान्यात लागलो त्या आठवड्यात एका कागदावर सही केली होती. हिब्रू जेमतेम वाचता येत होतं, पण जे वाचलं ते पुरेसं होतं.

मात्र रिटायर झाल्यावर एकदा बायकोने सांगितलं, की तिला सगळं ठाऊक होतं. माझ्या पँटच्या पायाच्या घड्यांत किस अडकून यायचा. काही महिने पोलादाचा, काही महिने ॲल्युमिनियमचा, आणि कधी कधी असा हलका करडा, की जो कुठल्याही साध्या मशीनमध्ये लागत नाही. धुताना ती तो वेचून एका डबीत टाकायची. डबी अजून आहे.

आता आमची नात लष्करात गेली आहे. कुठे, काय काम, काही सांगत नाही. शुक्रवारी येते, झोपते, आजीच्या हातचं चिकाचा हलवा खाते आणि रविवारी पहाटे बस धरते. मागच्या आठवड्यात ती निघून गेल्यावर आजी दारातली पायपुसणी झटकत होती. म्हणाली की ही पोरगी नेगेवमध्ये आहे असं आपल्याला भासवते, पण नेगेवची धूळ पिवळी असते, ही माती लाल आहे, ही शारोनची माती आहे. मी आधी खिडकी लावली आणि मग तिला म्हटलं की बाई, हळू बोल.